तक्रारीची तारीख आणि भरतीची तारीख

गोव्यातल्या आग्वादच्या खालच्या तुरुंगात किंवा रेईश मागूशच्या किल्ल्यात गेलेली माणसं कोठडीचं दार बघतात, गज बघतात, भिंतीची जाडी हाताने चाचपतात. फोटोही तिथेच निघतात. पण अशा जागेत माणूस आजारी कसा पडत असे आणि पडल्यावर त्याचं काय होई, हे समजून घ्यायचं तर नजर दुसरीकडे वळवावी लागते. पिण्याचं पाणी कुठून यायचं? संडासापासून स्वयंपाकघर किती पावलांवर होतं? पावसाळ्यात वारा कुठून शिरायचा? आणि कैद्याचं वजन कोण, कधी, कशावर करायचं? माझं ठाम मत आहे की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तुरुंगात कैद्याचा जीव औषधाच्या बाटलीवर कमी आणि या गोष्टींवर जास्त अवलंबून होता. आणि हे सगळं जर कुठे एका ओळीत सापडत असेल, तर ते मृत्यूच्या नोंदवहीत.

नोंदवहीकडे वळण्याआधी एक खुलासा. त्या काळी गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता आणि इथल्या तुरुंगांना त्यांचे कायदे होते. पणजीची एस्कोला मेदिका १८४२ पासून डॉक्टर घडवत होती आणि तिथून बाहेर पडलेले कितीतरी जण पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत नोकरीला गेले. पुढे मी ज्या नियमांबद्दल लिहितो आहे ते सीमेपलीकडचे, ब्रिटिश हिंदुस्थानातले आहेत. येरवडा, ठाणे, रत्नागिरी, धारवाड अशा तुरुंगांत १८९४ चा तुरुंग कायदा चाले. गोवा मुक्त झाल्यावर हाच कायदा आपल्याकडेही आला. २००६ चे गोवा तुरुंग नियम त्याच्याच आधारावर केले गेले. म्हणजे हा जुना कायदा आपल्याला परका नाही.

त्या कायद्याचं १५ वं कलम प्रत्येकाने एकदा वाचावं. कैदी मेला की डॉक्टरने नोंदवहीत काय लिहायचं, ते त्यात क्रमाने सांगितलं आहे. कैद्याने पहिली तक्रार कधी केली किंवा तो आजारी असल्याचं प्रथम कधी दिसलं, त्या दिवशी त्याला कोणतं काम होतं, त्या दिवशी त्याचा आहार कोणत्या प्रतीचा होता, दवाखान्यात भरती कोणत्या दिवशी झाली, डॉक्टरला आजाराची खबर प्रथम कधी मिळाली, रोग कोणता, मरणापूर्वी डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाने त्याला शेवटचं कधी पाहिलं, मृत्यू कधी झाला, आणि शवविच्छेदन झालं असेल तर त्यात काय दिसलं.

या रकान्यांत पाहायचं ते तारखांमधलं अंतर. तक्रार सोमवारची, डॉक्टरला खबर गुरुवारी आणि भरती शुक्रवारी असेल, तर रोगाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो, मधले चार दिवस माणूस बराकीत पडून होता किंवा कामावर होता. कामाच्या रकान्यात ‘चक्की’ असेल तर तो आजारी अंगाने दळत होता. ज्याने हे कलम लिहिलं त्याला तुरुंग नीट माहीत होता. रोगाचं नाव सांगून सुटता येतं, तारखांपासून सुटणं कठीण.

हे अंतर पडत कसं असे? कलम ३७ प्रमाणे ज्या शिपायाच्या ताब्यात कैदी असेल त्याने आजाऱ्याचं नाव विनाविलंब जेलरला कळवायचं आणि जेलरने ते डॉक्टरपुढे ठेवायचं. प्रत्यक्षात बराकीवर लक्ष ठेवायला बऱ्याचदा कैद्यांतूनच नेमलेला वॉर्डर किंवा मुकादम असे. कैद्याची तक्रार आधी त्याच्या कानावर, तिथून शिपायाकडे, मग जेलरकडे आणि शेवटी डॉक्टरकडे. यातल्या प्रत्येकावर ठरलेलं काम पुरं करून घेण्याची जबाबदारी होती. एक माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या वाट्याचं दळण दुसऱ्यावर पडे किंवा हिशेबात तूट दिसे. शिवाय आजाराचं सोंग करणं हा कलम ४५ प्रमाणे तुरुंगातला गुन्हा होता. त्यामुळे तक्रार करणारा आधी संशयितच ठरे.

डॉक्टरही दिवसभर तिथे नसे. बहुतेक जिल्हा तुरुंगांत शहराचा सिव्हिल सर्जन सकाळी फेरी मारून जाई. बाकीचा वेळ हॉस्पिटल असिस्टंट, ज्यांना पुढे सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले, एखादा कंपाउंडर आणि शुश्रूषेला लावलेले कैदी एवढीच माणसं. सकाळच्या रांगेत थर्मामीटरवर विश्वास ठेवला जाई, तोंडी सांगण्यावर कमी. हिवतापाच्या बाबतीत यातूनच मोठी चूक होत असे. एक दिवसाआड येणारा साधा हिवताप साधारण ४८ तासांनी उसळतो आणि ताप पुष्कळदा दुपारी चढतो. आधी हुडहुडी, मग अंगाची लाही, मग घाम, आणि रात्रीपर्यंत ताप उतरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभा राहिलेला माणूस थकलेला दिसतो, पण पारा सरळ. लिहिणारा ‘ताप नाही’ लिहून मोकळा होतो. जाणता डॉक्टर अशा वेळी डाव्या फासळ्यांखाली हात घालून प्लीहा चाचपे. वारंवार हिवताप होऊन गेलेल्या माणसाची प्लीहा वाढलेली हाताला लागते, आणि ती काही सोंग करून वाढवता येत नाही. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं. पण रांगेत साठ माणसं उभी असतील तर ते अर्धं मिनिटही मिळेनासं होतं.

सोंगं होत नसत असं नाही. बिब्बा लावून उठवलेला फोड हा त्यातला नेहमीचा प्रकार. जिथे स्वतःचा हात पोचतो तिथेच तो असतो, कडा काळसर डागाळलेल्या असतात, आणि खाजवल्यावर बोटांनाही पुरळ येतं. डॉक्टरला हे ओळखता येत असे. पण कातडीवर बिब्बा घासून घेण्याइतका माणूस कशाला टेकीला आला, हा पुढचा प्रश्न विचारायला रकाना नव्हता. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये, जो १९०६ मध्ये बांधून पुरा झाला, कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं काम दिलं जाई. इतकं काम रोज करणाऱ्या माणसाने सोंग केलं तरी त्या सोंगामागे खरा थकवा असतोच.

हिवतापावर क्विनाइन होतं आणि ते स्वस्तही होत चाललं होतं. उपचाराचा नेहमीचा डोस १० ग्रेन, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. पुडी दिली तर कैदी ती जिभेखाली लपवी, कारण ती कडूजहर आणि पोटात गेल्यावर कान गुंजायला लागतात. म्हणून पातळ मिश्रण करून रांगेत, डोळ्यांदेखत पाजणं बरं पडे. इथे आणखी एक गोम आहे. क्विनाइन सल्फेट नुसत्या पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यात थोडं सौम्य गंधकाम्ल घालावं लागतं. कंपाउंडरने त्यात हात आखडला, किंवा बाटली प्रत्येक वेळी हलवली नाही, तर औषध तळाशी बसतं. रांगेतल्या पहिल्यांना कडवट पाणी मिळतं आणि शेवटच्यांना दुप्पट-तिप्पट मात्रा. पहिल्यांचा ताप जात नाही, शेवटच्यांना उलट्या होतात, आणि ‘या तुरुंगात क्विनाइन चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आता पोटाकडे येऊ. तुरुंगातल्या आजारांत आव आणि हगवण यांचा वाटा फार मोठा होता आणि माझ्या मते तुरुंगाची खरी परीक्षा इथेच होत असे.

आवेचे दोन प्रकार. एक जंतूंचा, ज्यातला सर्वांत वाईट जंतू शिगा यांनी १८९७ च्या जपानमधल्या साथीत शोधला. तो अचानक सुरू होतो, ताप असतो, दिवसात वीस-तीस वेळा जावं लागतं, आणि शेवटी मळ जवळजवळ नसतोच. नुसती आव आणि लालभडक रक्त पडतं. दुसरा अमीबाचा. हा सावकाश येतो, ताप कमी, मळ घाण वासाचा आणि रक्त काळपट. हा महिनोन् महिने रेंगाळतो आणि पुढे यकृतात गळू करू शकतो. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून ओळख आधी पटायला हवी. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो आणि मळ ताजा, कोमट असावा लागतो. अमीबा हलताना दिसला तरच तो खात्रीने ओळखता येतो. थंड पडलेल्या नमुन्यात तो गोळा होऊन बसतो आणि पूच्या पेशीसारखा दिसतो. रात्रीचं मडकं सकाळी दहा वाजता तपासलं तर काही निष्पन्न होत नाही.

अमीबाच्या आवेवर जुना उपाय इपिकॅक मुळीची पूड. पोट रिकामं ठेवायचं, आधी अफूच्या अर्काचे थेंब द्यायचे, वीसेक मिनिटांनी २० ते ३० ग्रेन किंवा त्याहून जास्त पूड द्यायची, मग माणसाला उताणं, हालचाल न करता, पाणीही न देता झोपवून ठेवायचं. यातली एक पायरी चुकली की सगळं औषध उलटीवाटे बाहेर. गर्दीच्या दवाखान्यात, जिथे शुश्रूषेला कैदीच, तिथे ही पायरी चुकतच असे. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याच मुळीतलं एमेटीन कातडीखाली टोचून द्यायला सुरुवात केली आणि हा त्रास सुटला. साधारण एक ग्रेन रोज, दहा-बारा दिवसांच्या वर नाही, कारण ते हृदयावर परिणाम करतं. त्या काळात रोग्याने अंथरुणावरच असायला हवं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं म्हणून त्याला कामावर काढला तर नाडी बिघडू शकते, आणि आतड्यात उरलेला अमीबा महिन्याभरात परत डोकं काढतो तो वेगळाच. जंतूंच्या आवेवर मात्र एमेटीनचा काडीइतका उपयोग नाही. तिथे मॅग्नेशियम सल्फेटचे थोडे थोडे डोस तासातासाने देत, मळाचा रंग पालटेपर्यंत. जंतूंच्या आवेला एमेटीन टोचत बसणं म्हणजे आधीच खंगलेल्या माणसाच्या हृदयावर फुकटचा भार.

उपचाराहून मोठी गोष्ट म्हणजे मुळात आव पसरते कशी. संध्याकाळी बराक बंद झाली की पहाटेपर्यंत दार उघडत नसे. रात्रीसाठी मडकं किंवा टोपली. सकाळी दार उघडताच सगळे एकदम संडासाकडे, आणि वेळ ठरलेला. संडास कोरड्या मातीवर चालायचे. प्रत्येक वेळी दीड पौंड, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम, चाळलेली सुकी माती वर टाकायची. मग मैला उथळ चरांत पुरायचा. ही पद्धत चांगली आहे, पण तिला माती कोरडीच लागते. वाळू चालत नाही, ती ओल शोषत नाही. ओली माती टाकली तर न टाकल्यासारखंच. आता कोकणातला पाऊस डोळ्यांपुढे आणा. शंभर कैद्यांना दिवसाला १५० पौंड माती, चार महिन्यांना १८,००० पौंड, म्हणजे आठ टनांहून जास्त. एवढी माती मे महिन्यात खणून, चाळून, वाळवून छपराखाली भरून ठेवली नाही, तर जुलैमध्ये संडासावर चिखल पडतो, चर पाण्याने भरतात, माश्या स्वयंपाकघरात येतात. पावसाळ्यात आवेचे रोगी वाढले की अहवालात दोष हवेवर जाई. मला वाटतं तो पुष्कळदा मे महिन्यात न भरलेल्या मातीच्या कोठाराचा असावा.

विहिरीच्या पाण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरत. पटकीची साथ जवळ आली की संध्याकाळी बादलीत विरघळवून विहिरीत ओतायचं, पाणी गुलाबी होईपर्यंत. अर्ध्या तासात रंग उडाला तर पाण्यात घाण जास्त आहे असं समजून आणखी घालायचं. सकाळपर्यंत फिकट गुलाबी टिकलं तर ठीक. आग्वादच्या वरच्या किल्ल्यावर सोळा खांबांचं प्रचंड टाकं आहे, २३,७६,००० गॅलन मावतील एवढं. असं साठवलेलं पाणी मचव्यांना आणि गलबतांना वरदान ठरलं. मात्र उघड्या विहिरी आणि टाकी यांत हिवतापाचा एक डास मजेत वाढतो. मुंबईत १९११ मध्ये बेंटली यांनी शहरातल्या विहिरींवर नेमकं हेच दाखवलं. कोणत्याही किल्ल्यातल्या तुरुंगात पाण्याची सोय पाहताना तिच्यावर झाकण होतं का, हेही पाहायला हवं.

अन्नाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्या गोव्याच्या ताटाचा संबंध येतो.

१८९० च्या दशकात जावा बेटावर व्होर्डरमन नावाच्या डच डॉक्टरने १०१ तुरुंगांतल्या सुमारे २,८०,००० कैद्यांची माहिती गोळा केली. प्रश्न बेरीबेरीचा होता: पायांतली शक्ती जाते, सूज येते, हृदय थकतं. जिथे पांढरा, सडलेला तांदूळ देत तिथे साधारण ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, आणि जिथे कोंडा राखलेला तांदूळ देत तिथे सुमारे १०,००० मागे एकाला. तुरुंगाची इमारत जुनी की नवी, हवेशीर की कोंदट, याने फरक पडत नव्हता. तांदळाने पडत होता.

आपल्याकडचा उकडा तांदूळ याच कारणाने गुणाचा. भात भिजवून, उकडून मग सडलं की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि सडतानाही बरंचसं टिकतं. पेजेत पाणी फेकलं जात नाही, म्हणून पाण्यात उतरलेलंही पोटात जातं. तोच तांदूळ मोठ्या हंड्यात शिजवून निवळ काढून टाकली तर निम्मा गुण गटारात. तुरुंगाच्या भटारखान्यात निवळ काढायची की ठेवायची, हा निर्णय आचारी घेई. डॉक्टरने तो घ्यायला हवा होता.

दुसरी कमतरता आंबट आणि हिरव्याची. ताजी भाजी आणि फळ दोन-तीन महिने पोटात गेलं नाही की हिरड्या सुजतात, रक्त येतं, जुने व्रण पुन्हा उकलतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात. हा स्कर्व्ही. तुरुंगांत त्यासाठी चिंच, आमचूर, लिंबू देण्याची पद्धत होती. चिंचेत आणि वाळवलेल्या आमचुरात उपयोगी जीवनसत्त्व फारच थोडं. ताज्या कागदी लिंबाच्या रसात ते १०० ग्रॅमला सुमारे ३० मिलिग्रॅम असतं आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे दिवसाला दोन लिंबांचा रस पुरेसा झाला. पण तो हंड्यात पिळून उकळला तर वाया. वाढताना, ताटात, गार पिळायचा. पालेभाजी लोखंडी कढईत तास-दोन तास रटरटत ठेवली तर तिचंही तेच होतं. नियमात भाजीचं वजन बरोबर, ताटात भाजी बरोबर, आणि तरी हिरड्यांतून रक्त. याचं कारण चुलीवर शोधायला हवं होतं.

रातांधळेपणाही तुरुंगात दिसे. संध्याकाळी ठेचकाळणारा, गिनतीच्या वेळी रांगेत चाचपडणारा कैदी सोंग करतो असं वाटणं सोपं. त्याला कॉड लिव्हर तेल दिलं की तो थोड्या दिवसांत बरा होई. तेलात नेमकं काय आहे हे १९१३ नंतर कळू लागलं, उपाय मात्र आधीपासून माहीत होता. शेवग्याचा पाला आणि तांबडी भाजीही इथे कामाला आली असती.

भाकरीचा दोष निराळा. जाड भाकरी भराभर थापून मोठ्या आचेवर टाकली की वरून करपते, आत पीठ कच्चं राहतं. वजनात ती जास्त भरते, कारण पाणी जास्त. वजन पाहून समाधान मानणाऱ्याला ती चांगली वाटते. पोटाला ती हगवण देते. जात्याची खर त्यात असेल तर आतड्याला आणखी त्रास. भाकरी मोडून मधला भाग बोटाने दाबून पाहणं, ही रोजची तपासणी डॉक्टरची होती.

दवाखान्यातलं दूध हा तर मोहाचा विषय. पाणी घातलं की दुधमापकावर पातळपणा दिसतो. मलई काढली की उलट दूध दाट दिसतं. दोन्ही एकदम केलं तर काटा बरोबर जागी येतो. म्हणून नुसत्या दुधमापकावर विसंबू नये, मलई वर येऊ देऊन तिची जाडीही मोजावी लागते. आणि दूध रोग्याच्या तोंडात जाईपर्यंत डोळ्यांसमोर असावं लागतं.

या सगळ्याची बेरीज वजनात दिसते. कलम ३५ प्रमाणे सक्तमजुरीच्या कैद्यांकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाचं वजन त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे त्याच्या नावाच्या नोंदपत्रावर, नोंदवायचं. हा त्या कायद्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम आहे. एकाचं वजन घटलं तर तो आजारी असेल. अख्ख्या बराकीचं घटलं तर धान्य कुठेतरी मुरतं आहे किंवा काम जास्त आहे. पण काटा फसवू शकतो. एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर वजन केलं, एकदा बेड्यांसकट आणि एकदा बेड्यांशिवाय, की आकड्यांना अर्थ राहत नाही. सर्वांत धोक्याची फसवणूक सुजेची. बेरीबेरीत किंवा रक्त फार कमी झाल्यावर अंगात पाणी साठतं आणि वजन वाढतं. तिकिटावर ‘वाढ’ दिसते, माणूस मात्र मरणाकडे चाललेला. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहिल्याशिवाय वजनवाढीवर समाधान मानू नये.

क्षयाबद्दल थोडक्यात. १८६४ च्या तुरुंग समितीने प्रत्येक कैद्याला ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा असावी असं सांगितलं होतं. म्हणजे ९ फूट बाय ६ फूट. गर्दीच्या हंगामात ती मिळत नसे. रात्रभर बंद बराकीत खोकणारा एक माणूस पुरे असतो. क्षयावर खात्रीचं औषध १९४० चं दशक उजाडेपर्यंत नव्हतंच. वेगळं ठेवणं, थुंकी जाळणं, दूध देणं एवढंच हातात. १९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत उतरला आणि पावसाळा संपता संपता त्याची दुसरी, घातक लाट आली. तिच्यापुढे तर बाहेरचेही दवाखाने हतबल होते.

तुरुंगाच्या भिंतीआड नव्या औषधांची परीक्षाही झाली. हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. लस उपयोगी ठरली. तरी, ज्याला दारातून बाहेर पडता येत नाही त्याची स्वेच्छा किती मोकळी, हा प्रश्न तिथे उभा राहतोच.

डॉक्टरच्या माथ्यावर दुसरंही काम होतं, आणि ते मला फार बोचतं. आहार कमी करण्याची शिक्षा किंवा फटके देण्याआधी कैदी ती सोसू शकेल का, हे कलम ५० प्रमाणे डॉक्टरने लिहून द्यायचं. फटके जास्तीत जास्त तीस, वेत हलका पण अर्ध्या इंचाहून बारीक नको, आणि देताना डॉक्टर किंवा त्याचा साहाय्यक समोर हजर. ज्याच्याकडे सकाळी पोट दुखतं म्हणून जायचं, तोच दुपारी वेताच्या शेजारी उभा. अशा माणसापाशी कैदी मनातलं काय बोलणार? उलट बाजूने कलम १४ डॉक्टरला एक हत्यारही देत होतं: तुरुंगाच्या वागणुकीने कैद्याच्या मनावर परिणाम होतो आहे असं वाटलं तर त्याने ते लेखी कळवायचं. १९१२ मध्ये सेल्युलर जेलमध्ये क्रांतिकारक कैदी इंदुभूषण राय यांनी आत्महत्या केली आणि उल्लासकर दत्त यांचं मन ढासळलं. तिथे ते हत्यार वेळेवर चाललं नाही.

उपोषणात नळीने दूध घालणं हाही डॉक्टरच्याच हातचा प्रकार. नाकातून रबरी नळी सरकवताना माणूस झटे देत असेल तर ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. बाहेरचं टोक पाण्यात धरलं आणि श्वासाबरोबर बुडबुडे आले तर नळी चुकली आहे. चौघांनी धरून ठेवलेल्या माणसावर ही खात्री करायला कोणी थांबत नसे, आणि दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात मरण पावले. मे १९३३ मध्ये अंदमानात महावीर सिंग, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे उपोषणाच्या काळात दगावले.

नावाजलेल्या कैद्यांचं वेगळं होतं. टिळकांना मधुमेह होता. इन्सुलिन अजून यायचं होतं आणि मंडालेत त्यांचा आजार पथ्यावरच सांभाळला गेला. गांधीजींना येरवड्यात आंत्रपुच्छाचा दाह झाला तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि काम कंदिलावर पुरं झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. तक्रार, तपासणी, हलवणं, शस्त्रक्रिया हे सगळं वेळेत होऊ शकत होतं, हे त्यावरून दिसतं. चोरीच्या गुन्ह्यातल्या अनाम कैद्याच्या बाबतीत ते होण्यासाठी कोणीतरी बाहेरून विचारणारं लागे, आणि त्याला कोणी नसे.

गोव्यात १९४६ नंतरच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या घरी अजून कागद असतील: पोर्तुगीज दाखले, घरी आलेली पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सीमेपलीकडे अटक झाली असेल तर तिथली तिकिटं. ते नीट सांभाळा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. वाचताना रोगाच्या नावाआधी तारखा उतरवून घ्या. पत्रात ‘चार दिवस पोट बरं नाही’ असं असेल तर ती तक्रारीची तारीख आहे. वजनाचे आकडे असतील तर ओळीने मांडा. ब्रिटिश अमलातल्या तिकिटावर कलम ३८ प्रमाणे डॉक्टरची प्रत्येक सूचना आणि तिच्यापुढे ती पाळली की नाही याचा जेलरचा शेरा तारखेसकट असायला हवा. सूचना आहे आणि शेऱ्याची जागा कोरी आहे, असं आढळलं तर तेही लिहून ठेवा.